ऑनलाइन दुकानाचा साठा: मांडणी आणि जुळणी

ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाला फळीवरचा माल दिसत नाही, मालाची नोंद दिसते. नोंदीत सहा पुडे शिल्लक असतील तर सहा आहेत असे धरून ते पैसे भरते. गोदामात त्या वेळी पाचच निघाले, तर एकाचे पैसे परत करावे लागतात, विक्रीमंचावर दुकानाचे गुणांकन घसरते आणि ते गिऱ्हाईक बहुधा पुन्हा फिरकत नाही. काउंटरवर हाच प्रसंग ‘संपले, उद्या या’ एवढ्यावर मिटला असता. ई-कॉमर्स व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठा मांडताना लागणारी बहुतेक मेहनत या एका फरकातून येते, आणि त्यातली बरीचशी संगणक सुरू करण्याआधी, कागद-पेन घेऊन करायची असते.

उदाहरणासाठी चांदूर रेल्वे येथील एक दुकान कल्पावे. मुंबई–हावडा लोहमार्गावरचे हे अमरावती जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. भोवताली तूर, सोयाबीन आणि कापूस. दुकानात तूर डाळ, हळद, तिखट, मध, पापड-कुरडया असा माल सुटा आणि बांधीव विकला जातो. काही माल दुकानाचा स्वतःचा आहे, काही गावातल्या बचत गटांनी विकायला ठेवलेला. आता हाच माल संकेतस्थळावरून पुण्या-मुंबईतल्या वऱ्हाडी घरांपर्यंत पाठवायचा आहे. मालाचे प्रकार शंभरच्या आतले. तरीही साठ्याच्या मांडणीत येणारे जवळजवळ सगळे प्रश्न या छोट्या दुकानात भेटतात.

आकडा की खाते

साठा सांभाळणारी सॉफ्टवेअरे दोन जातींची असतात. पहिल्या जातीत प्रत्येक वस्तूसमोर शिल्लक दाखवणारा एक आकडा असतो. विक्री झाली की तो कमी होतो, नवा माल आला की दुकानदार तो स्वतः वाढवतो. वर्डप्रेससोबत चालणारे, २०११ साली आलेले वूकॉमर्स मूळ रूपात असे आहे. दुसऱ्या जातीत शिल्लक कुणी लिहीत नाही. ती आवक-जावकीच्या नोंदींतून निघते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेले, मुक्त परवान्यावर मिळणारे ईआरपीनेक्स्ट या जातीचे. त्यात प्रत्येक हालचालीला तारीख, वेळ, गोदाम आणि कारण चिकटलेले असते, आणि चुकलेली नोंद खोडण्याऐवजी उलट नोंदीने रद्द होते. कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसाला ही शिस्त नवीन वाटणार नाही.

दहा-वीस वस्तूंच्या दुकानाला पहिली जात पुरते. माल सुट्याचा बांधीव होत असेल, दोन ठिकाणी ठेवला जात असेल किंवा दुसऱ्याच्या मालकीचा असेल, तर दुसरीच घ्यावी. नुसत्या आकड्याला मागचे काही आठवत नाही. शिल्लक तीनने कमी का, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. खात्याची जात आणि संकेतस्थळ एकमेकांना जोडताही येते. ईआरपीनेक्स्टला स्वतःचे वेबशॉप नावाचे जोड-अॅप आहे, आणि शॉपिफाय किंवा युनिकॉमर्स या ई-कॉमर्स सेवांशी दुवा बांधण्याची सोयही आहे. मात्र जोडणी केल्यावर खरी शिल्लक कोणत्या एका ठिकाणची मानायची हे पहिल्या दिवशीच ठरवावे. दोन्हीकडे हाताने आकडे बदलू दिले, तर आठवडाभरात दोन्ही खोटे होतात.

एक वस्तू कशाला म्हणायचे

साठ्याच्या मांडणीतला सर्वांत अवघड निर्णय दिसायला सर्वांत सोपा आहे: वेगळी वस्तू म्हणून कशाकशाची नोंद करायची? जे एकमेकांच्या जागी देता येत नाही ते वेगळे, हा नियम बहुतेक ठिकाणी कामी येतो. गिऱ्हाइकाने एक किलोचा पुडा मागवला आणि अर्ध्या किलोचे दोन पाठवले, तर तक्रार येऊ शकते. म्हणून ते वेगळे. अकोल्याच्या दाल मिलमधून आलेली फटका डाळ आणि सव्वा नंबर डाळ भावाने आणि दिसण्याने निराळी, म्हणून वेगळी. पण एकाच प्रतीची डाळ दोन मिलमधून आली आणि एकाच पुड्यात, एकाच भावाने विकली जाते, तर वस्तू एकच. मिलचे नाव खरेदीच्या नोंदीत आणि बॅचवर राहील, वस्तूच्या नावात नको. या अशा सर्वांत लहान वेगळ्या नगाला व्यापारात एसकेयू म्हणतात.

सॉफ्टवेअरमध्ये जवळच्या वस्तू एका छत्राखाली आणण्यासाठी प्रकार, म्हणजे व्हेरिएंट, ही सोय असते. ‘तूर डाळ, फटका’ हा साचा आणि २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो हे त्याचे प्रकार. साचा विकला जात नाही आणि त्याची शिल्लकही नसते. शिल्लक प्रकारांची असते. संकेतस्थळावर गिऱ्हाइकाला एकच पान दिसते आणि त्यावर वजन निवडता येते. कपड्यांच्या धंद्यात हे प्रकार झपाट्याने वाढतात: चार मापे, सहा रंग आणि दोन प्रकारच्या बाह्या धरल्या की एका कुर्त्याचे ४८ एसकेयू होतात. त्यातले वीस कधी शिवलेच जाणार नसतील, तरी सॉफ्टवेअर ते आपोआप तयार करून देते. जे प्रत्यक्षात नाही ते यादीत ठेवू नये. शून्य शिल्लक असलेल्या प्रकारांच्या गर्दीत खरोखर संपलेला माल ओळखू येत नाही.

डाळीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो करातून येतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळी-धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुटी डाळ आणि मोठ्या पोत्यातली डाळ करमुक्त राहिली. म्हणजे ५० किलोच्या कट्ट्यात असलेली आणि त्याच कट्ट्यातून भरलेल्या किलोच्या पुड्यातली डाळ करासाठी एक नाही. म्हणून कट्टा ही एक वस्तू, किलोचा पुडा ही दुसरी आणि अर्ध्या किलोचा पुडा ही तिसरी अशी नोंद करावी लागते.

एकाचे दुसरे होते तेव्हा फेरबांधणीची नोंद करायची. ईआरपीनेक्स्टमध्ये साठा-नोंदीचा तो एक प्रकारच आहे. समजा ६,५०० रुपयांचा ५० किलोचा कट्टा फोडला. त्यातून किलोचे ३० आणि अर्ध्या किलोचे ३९ पुडे भरले. हे झाले साडेएकोणपन्नास किलो. उरलेला अर्धा किलो चुरीत, धुळीत आणि तराजूच्या झुकत्या पारड्यात गेला. नोंदीत एक कट्टा वजा होतो, ३० आणि ३९ पुडे जमा होतात आणि कट्ट्याची पूर्ण किंमत भरलेल्या मालावर पसरते. १३० रुपये किलोने घेतलेली डाळ पुड्यात १३१ रुपये ३१ पैशांना पडते. पिशवी आणि मजुरी वेगळी. ही घट नोंदवली नाही, तर पन्नास कट्ट्यांनंतर २५ किलो डाळ फक्त संगणकात उरते. वजनात तूट येतेच हे प्रत्येक किराणा दुकानदाराला ठाऊक असते. मांडणी करताना तिला जागा ठेवायला मात्र हमखास विसरले जाते.

मापे

वऱ्हाडात मोजमापाचा वाद जुना आहे. कारंजा येथे १८८६ साली सुरू झालेला कापसाचा बाजार देशातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो, आणि वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ साली कायदा झाला, त्यामागे वजन-मापातली मनमानी हे एक मोठे कारण होते. दशमान पद्धत कायद्याने आली ती १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर. तरीही रुईचा भाव खंडीत बोलला जातो (३५६ किलो), कापसाची गाठ १७० किलोची असते, संत्री शेकड्याने किंवा हजाराने मोजली जातात आणि डाळ कट्ट्याने येते.

सॉफ्टवेअरला बोलीतली सगळी मापे चालतात, पण प्रत्येक वस्तूचे साठ्याचे माप एकच असावे लागते. खरेदीचे आणि विक्रीचे माप निराळे असू शकते. मधे गुणक द्यायचा. एक पेटी म्हणजे मधाच्या २४ बाटल्या, असे एकदा लिहिले की पाच पेट्यांची खरेदी १२० बाटल्या म्हणून जमा होते. साठ्याचे माप नेहमी विक्रीच्या सर्वांत लहान नगाइतके लहान घ्यावे. पेटी हे साठ्याचे माप ठेवले, तर एक बाटली विकल्यावर शिल्लक ४.९५८३ पेट्या अशी दिसू लागते. आणि हे माप पहिल्या व्यवहाराच्या आधीच नीट ठरवावे. ईआरपीनेक्स्टसारख्या खात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा साठ्याची नोंद पडली की त्या वस्तूचे मूळ माप बदलता येत नाही. नवी वस्तू करून शिल्लक तिकडे वळवावी लागते.

गुणक ठरलेला नसेल तिथे माप बदलू नये. ‘एक कट्टा म्हणजे ५० किलो’ हे छापील वजन खरे असेल तरच गुणक द्यावा. हळकुंडाचे पोते दर वेळी निराळ्या वजनाचे येते. त्याचे साठ्याचे माप किलोच हवे, पोते नव्हे.

कोड, बारकोड आणि एचएसएन

प्रत्येक एसकेयूला दुकानाने स्वतःचा कोड द्यायचा असतो. तो रोमन कॅपिटल अक्षरांत आणि आकड्यांत, छोटा आणि मोकळ्या जागेविना असावा, कारण तो बिलापासून कुरिअरच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे फिरतो. ‘टीयूआर-एफ-०५००’ यावरून तूर, फटका, ५०० ग्रॅम एवढे कळले की पुरे. भाव, वर्ष किंवा पुरवठादार कोडमध्ये घालण्याचा मोह टाळावा. या गोष्टी बदलतात आणि कोड बदलता कामा नये. बंद झालेल्या वस्तूचा कोड दुसऱ्या वस्तूला देणे तर जुन्या वर्षांचे सगळे हिशेब बिघडवते.

बारकोड ही निराळी गोष्ट आहे. कोड दुकानाचा असतो, बारकोड जगाचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये २६ जून १९७४ रोजी च्युइंगमचे पाकीट पहिल्यांदा बारकोडवरून विकले गेले. आज तेरा आकडी क्रमांकाची व्यवस्था जीएस१ ही संस्था पाहते आणि तिच्या भारतीय शाखेचे क्रमांक ८९० ने सुरू होतात. तेरावा आकडा तपासणीचा असतो: आधीच्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून केलेली बेरीज, अधिक तेरावा आकडा, मिळून दहाच्या पटीत यावे लागते. म्हणून कोणतेही तेरा आकडे लिहून बारकोड ‘बनवता’ येत नाही. फक्त आपल्याच दुकानात स्कॅनर वापरायचा असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत; मोठ्या विक्रीमंचावर जायचे असेल तर जीएस१चा क्रमांक घ्यावा.

तिसरा क्रमांक कराचा. एचएसएन ही जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गवारी १९८८ पासून जगभर चालते आणि भारतात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून लहान व्यापाऱ्यापर्यंत पोहोचली. शेंगेतून काढलेल्या वाळक्या डाळींचा वर्ग ०७१३, त्यात तुरीचा ०७१३६०. मिरची ०९०४, हळद ०९१०, मध ०४०९. पापड १९०५ मध्ये, बिस्किटांच्या शेजारी बसतो आणि तरी करमुक्त आहे. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर पहिले चार आकडे लागतात, त्याहून जास्त असेल तर सहा. हा क्रमांक वस्तूच्या नोंदीत एकदाच नीट भरला की कर आपोआप लागतो. चुकीचा भरला तर चूकही तितक्याच आपोआप प्रत्येक बिलावर छापली जाते. म्हणून ही एक चौकट मात्र कर सल्लागाराकडून तपासून घ्यावी.

बांधीव मालाच्या पानावर आणखी काही माहिती कायद्याने द्यावी लागते. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीच्या पानावरही उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-संपर्क दाखवणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक लागतो. वस्तूच्या नोंदीत यांसाठी स्वतंत्र रकाने करावेत. वर्णनाच्या परिच्छेदात कोंबलेली माहिती शोधताही येत नाही आणि एकगठ्ठा बदलताही येत नाही.

गोदाम आणि पत्ता

सॉफ्टवेअरमधले गोदाम म्हणजे इमारत असे नाही. जिथल्या मालाची शिल्लक वेगळी पाहायची आहे ती प्रत्येक जागा हे एक गोदाम. चांदूर रेल्वेच्या या दुकानाला किमान चार लागतील: दुकानाची फळी, मागची खोली, परत आलेल्या मालाची जागा आणि बचत गटांनी ठेवलेला माल. शेवटचे गोदाम भिंतींनी वेगळे नसले तरी हिशेबाने हवेच. गटाचे पापड दुकानाच्या फळीवर असले तरी विकले जाईपर्यंत ते गटाचेच आहेत. दुकानाच्या मालमत्तेत त्यांची किंमत धरली तर ताळेबंद फुगतो. महाराष्ट्रात २०११ पासून चालणाऱ्या ‘उमेद’ अभियानातल्या गटांचा माल प्रदर्शनांत आणि दुकानांत बऱ्याचदा असाच ठेवायला दिला जातो. महिनाअखेरीला कोणत्या गटाचे किती नग गेले हे खात्यातून एका क्षणात निघाले, तर पैशांवरून होणारी कुरबुर उरत नाही.

गोदामाचा पत्ता भरताना चांदूरकरांना एक खास दक्षता घ्यावी लागते. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, दोन्ही तालुक्याची ठिकाणे: चांदूर रेल्वे आणि अचलपूरच्या बाजूचे चांदूर बाजार. पिनकोड अनुक्रमे ४४४९०४ आणि ४४४७०४. फरक एका आकड्याचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. सारख्या नावांच्या गावांमुळे होणारा घोळ टाळणे हा तिचा एक हेतू होता. पण कुरिअर कंपनीचे सॉफ्टवेअर माल उचलण्याची जागा पिनकोडवरूनच ठरवते, आणि एक आकडा चुकला तर गाडी दुसऱ्या चांदुरात जाते.

यादी चढवणे

शंभर वस्तू एकेक करून भरण्याऐवजी त्यांचा तक्ता तयार करून एकदम चढवला जातो. हे काम यांत्रिक आहे, पण त्यात तीन ठरलेले खड्डे आहेत. एक्सेल तेरा आकडी बारकोडला मोठी संख्या समजते आणि ‘८.९ई+१२’ असा आखडून दाखवते. तो रकाना आधीच मजकूर म्हणून जाहीर केला नाही तर सीएसव्ही फाइलमध्ये साठवताना शेवटचे आकडे शून्य होतात. तसेच ०७१३ चे पुढचे शून्य गळून ७१३ उरते.

तिसरा खड्डा खास मराठीचा. जुन्या किमतीच्या याद्या, लेबले आणि पत्रके पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. त्यांतली अक्षरे दिसायला देवनागरी, पण आत साठवलेली रोमन चिन्हे असतात. तसा मजकूर संकेतस्थळावर गेला की ‘हळद’च्या जागी अर्थहीन चिन्हांची ओळ उमटते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि फाइल यूटीएफ-८ या स्वरूपात साठवावी. बदलानंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. अशा अक्षरांच्या शब्दांत बदलयंत्रे हटकून चुकतात.

नावे लिहिताना शोधाचाही विचार करावा. चांदूरमध्ये तिखट म्हटले की मिरचीची पूड, पण शोधपेटीत कुणी ‘लाल मिरची पावडर’ लिहील, कुणी ‘लाल तिखट’. मुख्य नाव एकच ठेवून बाकीची पर्यायी नावांच्या रकान्यात टाकावीत.

सुरुवातीची शिल्लक आणि तिची किंमत

यादी चढली की प्रत्येक वस्तूची त्या दिवशीची शिल्लक भरायची. मोजणी शक्यतो दुकान बंद असताना, एकाच बैठकीत करावी; अर्धी शनिवारी आणि अर्धी सोमवारी मोजली, तर रविवारची विक्री दोन्हींच्या मधे हरवते. जुन्या वहीतली शिल्लक न मोजता उतरवून घेणे हा वेळ वाचवण्याचा प्रकार पुढे सर्वांत महाग पडतो.

शिल्लकीसोबत किंमतही लागते, आणि इथे दोन पद्धती आहेत. किलोचे २० पुडे प्रत्येकी १३२ रुपयांना पडले आणि नंतरचे ३० पुडे १४२ रुपयांना. त्यांतले २५ विकले. आधी आलेला आधी गेला असे धरले तर विकलेल्या मालाची किंमत २,६४० अधिक ७१०, म्हणजे ३,३५० रुपये. सरासरीने धरले तर दर १३८ आणि किंमत ३,४५० रुपये. पहिल्या पद्धतीत नफा शंभर रुपयांनी जास्त दिसतो. भारतीय लेखा मानकाला दोन्ही चालतात. शेवटी आलेला आधी गेला ही पद्धत चालत नाही. डाळीसारख्या भाव हलत्या मालाला सरासरी सोयीची पडते. एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी बदलत बसू नये.

खाद्यपदार्थांत बॅच आणि मुदतीचाही रकाना चालू करावा. इथे आधी आलेला माल आधी पाठवण्यापेक्षा आधी मुदत संपणारा आधी पाठवणे योग्य. ऑनलाइन विकलेला पदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याची ३० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. टपालाला लागणारे दिवस त्यात मिळवून, त्याआधीच ती बॅच संकेतस्थळावरून उतरवण्याची सूचना सॉफ्टवेअरला देता येते. काउंटरवर ती आणखी काही दिवस विकता येते.

हाताशी, राखीव आणि उपलब्ध

गोदामात असलेला सगळा माल विकण्यासाठी मोकळा नसतो. पैसे भरून झाले पण पार्सल बांधले नाही, तो माल राखीव. हाताशी असलेल्यातून राखीव वजा केला की उरतो तो उपलब्ध, आणि संकेतस्थळावर हाच आकडा दिसायला हवा. पैसे भरण्याच्या पानावर रेंगाळलेल्या गिऱ्हाइकासाठीही माल थोडा वेळ अडवला जातो. वूकॉमर्समध्ये ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते. डाळीला ती चालते. सणाच्या आदल्या दिवशी थोडाच उरलेला माल असेल तर पंधरा मिनिटांवर आणावी.

तोच माल काउंटरवर आणि ऑनलाइन विकला जातो तिथे शेवटचा नग दोनदा विकला जाण्याचा धोका राहतो. काउंटरचे बिल त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच क्षणी झाले तर धोका टळतो. पण बाजाराच्या दिवशी, वीज गेलेली असताना आणि दुकानात गर्दी असताना बिले संध्याकाळी एकदम चढवली जातात, हे वास्तव आहे. अशा दुकानाने संकेतस्थळाला पूर्ण शिल्लक दाखवूच नये. प्रत्येक वस्तूचे तीन-चार नग काउंटरसाठी मागे ठेवावेत. ‘उणे शिल्लक चालेल’ ही सोय मात्र बंदच बरी. ती चालू असली की नसलेला मालही विकला जातो आणि चूक महिनाअखेरपर्यंत कुणाला दिसत नाही.

पुन्हा कधी मागवायचे

फेरमागणीची पातळी काढणे सोपे आहे. रोज सहा पुडे जात असतील, अकोल्याहून माल यायला चार दिवस लागत असतील आणि अडीअडचणीला दहा पुडे हाताशी हवे असतील, तर शिल्लक ३४ वर आली की मागणी नोंदवावी. एका वेळी किती मागवावे यासाठी फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेले सूत्र पाठ्यपुस्तकांत असते. कट्ट्यानेच माल घेणाऱ्या दुकानाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे गाडीभाडे आणि हाताशी असलेले भांडवलच आकडा ठरवतात.

वाळवणाला मात्र हे गणित लागूच पडत नाही. कुरडया, पापड, सांडगे, सरगुंडे होतात ते मार्च ते मेच्या उन्हात. जुलैत शिल्लक पातळीखाली गेली आणि सॉफ्टवेअरने ‘मागवा’ असा इशारा दिला, तरी पावसात कुरडई वाळवणार कोण? अशा मालाची फेरमागणी बंद ठेवून हंगामी वाटप करावे. मेअखेरीस ६०० पुडे जमा असतील तर दिवाळीसाठी किती, लग्नसराईसाठी किती आणि रोजच्या विक्रीला किती, हे आधी ठरवून तेवढेच त्या-त्या काळात उपलब्ध दाखवायचे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी खास बटण नसते. ‘राखीव हंगाम’ नावाचे आणखी एक गोदाम करून त्यातून महिन्या-महिन्याला माल सोडणे हा सरळ मार्ग. गटातल्या बायकांनाही पुढच्या उन्हाळ्यात किती पीठ दळायचे याचा अंदाज याच नोंदींतून मिळतो.

संत्र्याचे उलटे. आंबिया बहाराची फळे पावसाळा सरल्यावर आणि मृगाची हिवाळा सरताना येतात. तोडलेले फळ थांबत नाही. त्याची शिल्लक ठेवण्याऐवजी आगाऊ मागणी घ्यावी, तोडणीच्या दोन दिवस आधी ती बंद करावी आणि तेवढीच फळे तोडून पाठवावीत. सॉफ्टवेअरमध्ये अशा वस्तूसमोर शिल्लक नसते, मागणीची कमाल मर्यादा असते.

संच

दिवाळीत ‘वऱ्हाडी भेट’ म्हणून डाळ, तिखट, मध आणि पापड एका पेटीत दिले जातात. पेट्या आधीच बांधून ठेवल्या असतील तर त्यांची फेरबांधणीसारखी नोंद करून पेटीला स्वतःची शिल्लक द्यावी. मागणी आल्यावर बांधायच्या असतील तर पेटी हे फक्त नाव; विक्री झाली की आतल्या चारही वस्तूंची शिल्लक कमी व्हायला हवी, आणि पेट्या तितक्याच उपलब्ध दिसायला हव्यात जितक्या सर्वांत कमी असलेल्या वस्तूतून होतील. करातही खोच आहे. एकाच किमतीला विकलेला असा मिश्र संच जीएसटीत आतल्या सर्वाधिक दराने आकारला जातो. करमुक्त पापडसुद्धा त्या पेटीत गेला की कराच्या कक्षेत येतो.

परत आलेला माल आणि मोजणी

घरपोच पैसे देण्याच्या मागण्यांतली काही पार्सले न स्वीकारता परत येतात. ती थेट फळीवर जमा करू नयेत. आधी परतीच्या गोदामात घ्यावीत, उघडून पाहावीत आणि मगच विक्रीच्या गोदामात किंवा बादमध्ये टाकावीत. पिशवी फुटलेली, ओल लागलेली किंवा मुदत न उरलेली खाद्यवस्तू पुन्हा विकता येत नाही. तिची बाद-नोंद कारणासह व्हावी. कारणांची यादी छोटी ठेवावी: फुटले, मुदत संपली, उंदीर, वजनात तूट, हिशेब लागत नाही. शेवटच्या कारणाचा आकडा वाढू लागला की चोरी किंवा निष्काळजीपणा शोधावा.

वर्षातून एकदा सगळे मोजण्यापेक्षा रोज थोडे मोजणे लहान दुकानाला झेपते. जास्त किमतीचा आणि जास्त हलणारा माल, म्हणजे डाळ आणि मध, दर आठवड्याला, हळद-तिखट महिन्याने, बाकी तिमाहीला. फरक निघाला तर आकडा गुपचूप बदलू नये, जुळणीची नोंद करावी, म्हणजे त्याचे मूल्य तोट्यात दिसते. ३१ मार्चची मोजणी मात्र पूर्ण असावी लागते. त्या संध्याकाळची अखेरची शिल्लक हिशेबाच्या पुस्तकात जाते आणि १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक तीच असते. विवरणपत्र भरण्याआधी टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली रक्कम आणि साठ्याच्या सॉफ्टवेअरमधली रक्कम एकच आहे का, हे सनदी लेखापालाला दाखवून घ्यावे.